ओहोटीची नोकरी

मी अकरा वर्षांचा होतो आणि माझी नोकरी
वाळूवरून चालण्याची होती.

दिवसाला दोन आणे.
ओहोटी लागली की जनू तांडेल शंख फुंकायचा,
आम्ही नऊ पोरं छपरातून बूट ओढायचो,
मोठ्या माणसांचे, लष्करी, टाचेला खिळे मारलेले.
आत काथ्या कोंबायचा, वरून सुंभ आवळायचं
आणि कांदळवेळच्या पुळणीवर
टोकापर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं.
टाच रुतवून. पळायचं नाही.
सैनिक पळत नसतो, म्हणाला मडगावचा दुभाष्या,
साहेबाचं निम्मं बोलणं गिळून निम्मंच देणारा.
नऊ पोरांची दुपारपर्यंत पलटण व्हायची.
मग भरती यायची.

खाडीच्या तोंडाशी सोनू मेस्त्री होड्या बांधत होता.
बांबू, गोणपाट, डांबर, रिकामी पिंपं.
साठ होड्या, एकीलाही तळ नाही.
पहिल्या दिवशी त्याने वाकस खाली ठेवला,
"तळ नाय ती होडी कसली रे?"
दुभाष्याने वर बोट केलं.
वरून तळ दिसत नाही.
विमान येईल, फोटो काढील,
तिकडे कुणी टेबलावर भिंग धरून मोजत बसेल
होड्या, पावलं, दोरीवरचे सदरे,
आणि म्हणेल, चढाई इथूनच निघणार.
ती निघणार होती दुसरीकडून.
कुठून, ते दुभाष्यालाही ठाऊक नव्हतं.

नारळी पौर्णिमेला मेस्त्रीने
त्या साठांपुढे एक नारळ वाढवला.
आम्ही हसलो.
तो म्हणाला, "दर्या खालसून बघता."

सदरे माझी आई वाळत घालायची.
आम्ही परीट. तीनशे सदरे, तीनशे विजारी,
माडामाडांतून दोऱ्या.
धुवायचे नव्हते, नुसते भिजवून टांगायचे.
आई धुवायची.
भोकं होती कपड्यांना. "गोदामात उंदीर फार,"
दुभाष्या म्हणाला.
आईने एका सदऱ्यात बोट घातलं
छातीतून, ते पाठीतून निघालं.
उंदीर इतका सरळ जात नाही.
ती काही बोलली नाही.
पण त्या दिवसापासून तिचा धोका
दगडावर आपटल्याचा आवाज आला नाही,
हातानेच चोळायची, आणि रात्री
चिमणीशी बसून टाके घालायची.
कुणी सांगितलं नव्हतं. आभाळातून भोक कोण बघतंय.

विमान एकदाच आलं. कार्तिकात, सकाळी.
कडक हुकूम होता, वर बघायचं नाही,
चालत राहायचं, जसं रोजचंच.
मी वर पाहिलं.
चांदीचं होतं. इतकं हळू जात होतं.

त्या दिवसाचे माझे दोन आणे कापले.
आठ दिवसांनी छप्पर उठलं, साहेब गेला,
दुभाष्या गेला, कपडे मोजून नेले.
बूट विसरले.
मेस्त्रीने एका होडीला तळ बसवला,
तीन पावसाळे ती कालवं आणायला जात होती.
पुढे कळलं की कुठल्या तरी किनाऱ्यावर
आपले लोक उतरले, आणि पलीकडच्या वाडीत
दोन तारा आल्या.

कोण फसलं, किती फसलं,
हे फसवणाऱ्या पोरांना कळवत नाहीत.
मी मात्र मनात तो फोटो घेऊन हिंडलो जन्मभर,
काळी पुळण, बुटांच्या रांगा,
आणि मधे एक पांढरा ठिपका, वळलेलं तोंड,
ज्यावर भिंग येऊन थांबतं.
लग्नात. बाजारात. आईला खांदा देताना.
त्या दोन तारा माझ्या तोंडामुळे आल्या का.

नवांतले आता दोघेच उरलो आहोत.
गेल्या शिमग्याला याकूब होडेकर
कट्ट्यावर सुपारी कातरत होता,
त्याला पहिल्यांदा सांगितलं.
अडकित्ता थांबला.
बराच वेळ तो पाण्याकडे बघत राहिला,
मग म्हणाला,
"तू नुसता बघितलंस?
मी तर हात केला."