परत केलेला पेला

अंबासमुद्रमहून सुटणारी दुपारची बस
अजूनही आश्रमाच्या अलीकडेच थांबते,
ताडांच्या रांगेपाशी.
पुढचा रस्ता तिला बहुतेक पटत नाही.
उतरले. एका हातात कोविलपट्टीच्या चिक्कीचा डबा,
आणि पिशवीत, जुन्या सुती साडीच्या घडीत,
पेला.

नऊ वर्षं झाली.
तेव्हा ह्या वाटेनं मी चालत नव्हते, तणतणत होते.
काखेत इसक्कीमुत्तूच्या तपासण्यांची जाड फाईल,
प्रश्न एकच, तोही रात्रभर घोकलेला.
स्वामींनी फाईल उघडली नाही.
चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं,
"जेवलीस का?"
संपलं.
माझ्यामागच्या ट्रकवाल्याला तेच,
त्याच्यामागच्या तहसीलदारालाही तेच.

मी जेवले नाही.
ताक तेवढं प्यायले, आणि रागाच्या भरात
पेला पिशवीत टाकला.
चोरी म्हणा. मी वसुली म्हणत होते.

घरी येऊन पाहिलं तर पोटावर अक्षरं कोरलेली :
चेल्लय्या यांच्या स्मरणार्थ.
कोण हा चेल्लय्या?
रोज सकाळी ताडगुळाची कॉफी
त्या अनोळखी माणसाच्या नावात ओतत राहिले.
इसक्कीमुत्तूला दुसरा पेला चालेना.
पुढे त्याचे हात थरथरू लागले, मग मी अर्धाच भरायचे.
तरी एकदा सुटला हातून, काठाला पोचा आला.
आडीच्या महिन्यात, पहाटे, त्यानं ह्यातूनच घेतले
तीन घोट.
चौथा ओठांवरून परत आला.

फाटकाशी चपला सांभाळायला सुडलैमुत्तूच,
आता दात नाहीत.
वर न बघता त्यानं बिल्ला दिला.
स्वामींची खुर्ची होती तिथेच आहे,
पाठीवरचा पंचा धुतलेला, घडी मात्र नव्या हाताची.
समाधीवर तगरीची फुलं.
मी लगेच वाकले नाही.
थोडं भांडायचं होतं, मागचं राहिलेलं.
पण दगड उन्हानं तापला होता,
कपाळ टेकलं तसा चटका बसला.
म्हटलं, ठीक. एवढ्यावर मिटवू.

स्वयंपाकघरात पेचियम्मा.
आधी चिक्की दिली, मग पेला पुढे केला,
आणि बसमध्ये पाठ केलेलं बोलायला तोंड उघडलं.
तिनं पेला घेतला, आतून बोट फिरवलं,
राखेनं घासला, विसळला,
आणि टोपल्यात टाकला, खण्णकन,
तीनशे पेल्यांत.
नाव वाचलं नाही.
"अम्मा, चेल्लय्या कोण?"
"कोण चेल्लय्या? पंगत बसतेय. हो पुढे."

मला वाटलं होतं, ती रडेल.
किंवा मी.

केळीच्या पानावर पाणी शिंपडलं.
माझ्यापुढे आला तो पेला कुणा सोर्णम्माचा,
तिच्या नातवंडांनी दिलेला.
आणि समोरच्या रांगेत, शाळेच्या गणवेशातला एक पोरगा,
गुडघा खरचटलेला, त्यावर हळद.
त्याच्या पानाशी माझा.
पोचा माझ्याकडे वळलेला.
भात वाढून झाला, सांबार झालं,
मी अजून पानाला हात लावला नव्हता.

पोरानं पेला पालथा करून दाखवला. ताक!
वाढपी पार टोकाला.
मी उठले, बादली उचलली,
वाकून ओतू लागले,
आणि हात आपोआप थांबला
अर्ध्यावर.

पोरगा वाट बघत राहिला.
"भर ना अक्का," म्हणाला,
"पूर्ण भर."