काखेतली कळी

शुक्रवारचा बाजार उठता उठता उझोमा आली,
पाठीला बांधलेली बावीस दिवसांची मुलगी
आणि डोक्यावर कापडाचा गठ्ठा:
निळ्यावर केशरी मासे, बेचाळीस मीटर,
सगळे एकाच दिशेला पोहणारे.
'अठरा बायका,' म्हणाली, 'कापड एकच.
पुढच्या रविवारी बारसं.'

मी म्हटलं, नऊ दिवसांत अठरा?
म्हापशात चवथीलासुद्धा असं कुणी सांगत नाही.
ती स्टुलावर बसली, मुलीला पाजायला घेतलं,
जणू मी हो म्हटलंच होतं.

तीस वर्षं शिवते आहे. बायका सांगतात
बाही कोपरापर्यंत, गळा बेताचा,
वाकलं तर दिसू नये, बसलं तर चढू नये.
हात वर गेला पाहिजे, हे
कुणी सांगितलं नव्हतं.
यांच्यातल्या प्रत्येकीने आरशासमोर
दोन्ही हात उचलून दाखवले,
पंख्याला लागतील इतके.
मी काखेत कळी घातली. छत्तीस कळ्या.

समोरच्या शिरोडकरीणबाई ब्लाउज टाकायला आल्या,
मासे पाहून म्हणाल्या, 'त्यांचं कशाला शिवतेस?'
त्यांच्या फाटकावर पाटी आहे, खोल्या भाड्याने देणे,
खाली बारीक अक्षरात, कुणाला नाही ते.
उझोमा कोपऱ्यातच होती.
आमचं बोलणं मोडक्या हिंदीतलं,
बाईंची भाषा तिला येत नाही,
पण एवढं येतं.

मला वाटलं आता ती काही सांगेल.
मशीन थांबवलं, चेहरा तयार ठेवला,
विचारलंही: फार त्रास होतो ना इथे?
'होतो,' म्हणाली. मग आरशात बघत,
'गळा अजून दोन बोटं खोल कर.'

नाव काय ठेवणार?
तिने सांगितलं, मला ऐकू आलं अंगुली.
सुईने टोचून टोचून खरखरीत झालेलं
माझं बोट वर केलं: ही?
इतकी हसली की मूल दचकून जागं झालं.
नाही, आवाज नाकात घ्यायचा. अङुली.
म्हणजे आनंद.

पहिलीत बाईंनी गिरवून घेतलेला ङ,
सगळी अक्षरं कामाला लागली
तरी पाटीवर रिकामा बसून राहिलेला.
मी दोनदा म्हणून पाहिला.

करासवाड्याला वेल्डिंगच्या शेडमागे हॉल.
नाव पुकारलं तसे सगळे हात एकदम वर,
आईच्या कपाळाला लोक दहादहाच्या नोटा चिकटवत होते,
एक म्हातारा वाकून त्या गोळा करत होता, तोही तालात.
मी भिंतीला टेकून फक्त शिवणी बघत होते.
सतरा टिकल्या.
अठरावी, ओडिनाकाची, उजव्या काखेत टर्रकन.
ती नाचत नाचतच माझ्यापुढे आली, हात वरच,
थांबायचं तिच्या मनात नव्हतं.
पर्समधून सुईदोरा काढला, उभी राहिले.
हलत्या अंगावर शिवायचं
तर आपल्यालाही हलावं लागतं.

परतताना वेशीवर खापरी देव.
आम्ही त्याला रोट देतो, विडी, सोऱ्याचे चार थेंब.
आजा सांगायचा, जहाजातून आणलेला काळा माणूस,
मेल्यावर राखणीला बसवला.
सगळे त्याला म्हणतात वाट राख, ढोरं राख.
नाचशील का, असं
विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.
डब्यात दिलेला तिखट लाल भात
पानावर काढून ठेवला,
शेजारी चिंधीतून कापलेला एक मासा.
पाय अजून दुखत होते, आणि मला घाई नव्हती.

सोमवारी शिरोडकरीणबाईंचा ब्लाउज घेतला.
माप जुनंच. सांगितलं नव्हतं त्यांनी,
तरी काखेत कळी घातली.