म्हणे

शाळेच्या पत्रकात मी अर्धवेळ आहे.
कपाटं मात्र पूर्णवेळ बंद असायची.
सात कपाटं, सात कुलपं,
जुडगा माझ्या पर्समध्ये, डब्याखाली.
पुस्तक हरवलं तर पगारातून कापतील
या धास्तीनं एकवीस वर्षं
मी खिडकीतून पुस्तकं दिली, रेशनसारखी.
पोरं हात पुढं करायची.
मिळेल ते न्यायची.

विट्याहून मुजावर मॅडमचा फोन आला,
कॉलेजच्या ग्रंथपाल.
मागं यंत्रमागांचा खडखडाट,
म्हणून ओरडूनच बोलत होत्या:
"तुमची लेंगऱ्याची पोरं दारातच थांबतात हो,
चपला काढून.
म्हटलं, आत या, हवं ते काढा,
तर मलाच विचारतात, कुठलं देताय?
प्रकल्पाचा विषय दिला तर म्हणतात,
उत्तर कितव्या पानावर आहे?"

मी म्हटलं, गुणी आहेत पोरं.
फोन ठेवला
आणि त्या चपला काही केल्या डोळ्यांपुढून हलेनात.
कुणी शिकवलं हे त्यांना?

तेव्हापासून शनिवारची सकाळची शाळा सुटली की
साडेअकराची एसटी,
मी आणि बारावीची चौदा पोरं.
हे तास कुठल्याच पत्रकात बसत नाहीत.
मुजावर मॅडम कुलूप उघडून ठेवतात,
चहा सांगतात, आणि पहिल्या दिवशी म्हणाल्या,
"आज कुणी काही वाचायचं नाही.
नुसतं फिरा. चुकीचं पुस्तक काढा. परत ठेवा."
अवधूत मेटकरी तासभर फिरला,
बाजारात बैल बघत फिरावं तसा,
पाठीवर हात फिरवत.

तेजल हसबेचा बाप गलाईच्या धंद्यात, सेलमला.
दिवाळीला येतो, सोन्याचा धूर छातीत घेऊन.
तिनं वहीत प्रश्न लिहिला:
आपल्याकडची माणसं इतक्या लांब का गेली?
खाली उत्तरही लिहिलं, दुष्काळामुळे, म्हणे.

मॅडमनी उत्तर खोडलं नाही.
'म्हणे'भोवती पेन्सिलीनं गोल केला,
बाजूला लिहिलं: कोण?

पुढच्या शनिवारी ती सांगत आली, आजोबा म्हणे.
बाहत्तरच्या दुष्काळात गेलो, असं.
तारीख लिही, मॅडम म्हणाल्या,
कधी सांगितलं, कुठं बसून, तेही.
मग जनगणनेचे जाड ग्रंथ निघाले,
जिल्ह्याची जुनी माहिती, पिवळी, शिंक आणणारी.
आणि घरच्या ट्रंकेत
आजोबांचंच एक पोस्टकार्ड सापडलं,
सेलमचा शिक्का, साल पासष्टचं.

पोरगी रडकुंडीला आली.
"आजोबा खोटं बोलले?"
मी घाईनं म्हणणार होते, जाऊ दे, कार्ड वगळ.
मुजावर मॅडमनी माझा हात दाबला.
"दोन्ही लिही," त्या म्हणाल्या,
"आजोबा हे म्हणतात, कार्ड ते म्हणतं.
मग परत आजोबांकडे जा.
भांडायला नको. विचारायला."

ते काय म्हणाले, तेजलनं सगळं नाही लिहिलं.
घरात भावाशी वाटणीवरून काही झालं होतं,
दुष्काळ नंतर आला,
आणि सांगायला सोपा होता.
तळटीपेत एवढंच:
सांगणाऱ्याच्या इच्छेवरून कारण वगळले आहे.
मला वाटतं, त्या पानावरची
ती सर्वांत खरी ओळ.

परतीच्या गाडीत मी जुडगा काढला,
किल्ल्या मोजल्या. उगीच.

आता कपाटं उघडी असतात, साडेदहा ते दीड.
महिन्यात तीन पुस्तकं गेली.
मुख्याध्यापकांना सांगितलं, कापा.
काल त्यातलं एक परत आलं,
खिडकीत कुणीतरी ठेवून गेलं,
आत पाठकोऱ्या कागदाची चिठ्ठी,
अवधूतचं अक्षर:

पान एक्केचाळीस.
इथं छापलंय, 'असे मानले जाते.'
कोण मानतं?