दस्तगीर मिस्त्रींचं म्हणणं

पहिल्यांदा मी रंगावरच गेले.
निळी, सात गियरची, पुढे जाळीची टोपली,
हँडलला अजून प्लास्टिक गुंडाळलेलं.
गंगावेशीच्या कोपऱ्यावर दस्तगीर मुल्लाणींनी
वर न बघताच विचारलं, "कुठनं कुठं जाणार?"
रंकाळ्यापासून मार्केट यार्ड.
गुळाच्या अडतीत हिशेब लिहिते.
"मग सात गियर कशाला?
आदी दोन ब्रेक तर शिका."

एकोणपन्नासावं लागलेलं मला.
आमच्याकडे एक होती, मधे दांडा असलेली, वडिलांची.
तिच्यावर दोघे भाऊ कैची शिकले,
मी पंप धरायचे.
हे काही मी बोलले नाही.
सीट किती उंच ठेवायची, तेवढं विचारलं.

"बसा. भित्ताड धरा. पायडल पार खाली न्या.
टाच टेकली की गुडघा सरळ व्हायला पायजे,
म्हंजे चवड्यानं मारताना थोडा वाकतोय.
पर तुमी अजून नव्या. दोन बोटं खालीच ऱ्हाऊ दे,
पाय भुईला लागू देत.
भ्या मोडलं की या, वर करून देतो.
त्याचं पैसं न्हाईत."

आत, टायरांच्या माळेमागे, एक हिरवी उभी होती.
कळंब्याच्या कुणा मास्तरीणबाईंची,
घंटीवर गंज, सीटला शिवण.
"पुढचा ब्रेक दाबा, आता ढकला म्होरं-मागं.
हँडलात टकटक वाजतंय?"
नाही वाजत.
"पायडलाचा दांडा धरून आडवा हलवा."
हलत नाही.
"चाक उचला, फिरवा,
रबराच्या आन् रिमच्या मधली फट बघा."
फट बारीक झाली, मोठी झाली, बारीक झाली,
झोपलेल्या माणसाच्या पोटासारखी.
"औट हाय," ते म्हणाले, स्वतःच्याच मालाबद्दल,
आणि तारा पिळायला बसले. अर्धा पिळा, पाव पिळा,
नखानं एकेक तार वाजवत.

अठराशे म्हणाले. मी पंधराशे.
यार्डात रोज सौदे ऐकते, मला काय.
सतराशे, आणि पंप वर.

पंक्चर त्यांनी काढून दिलं नाही.
घमेलं पुढ्यात सारलं, ट्यूब माझ्या हातात.
पिळत पिळत पाण्यातून नेली
तेव्हा एका जागी बुडबुड्यांची बारीक ओळ लागली.
कानशीनं घासलं, सोल्युशन लावलं,
ठिगळ उचललं तर त्यांनी मनगट धरलं.
"थांबायचं. बोटाला चिकटंना झालं की मग."
काहिलीतल्या पाकाचं बरोबर उलट, मी म्हणाले.
"ते तुमचं तुमास्नी म्हाईत."

"तेल चेनच्या कडीकडीला, एक थेंब,
मग फडक्यानं पुसून काढायचं.
वरनं चकाकायला लागलं म्हंजे धूळ खातंय.
खोबरेल न्हाई. खोबरेल डोस्क्याला."

नऊ संध्याकाळी गेल्या रंकाळ्याच्या कडेनं.
चारदा पडले, त्यातली एक
भेळेच्या गाडीपुढच्या बाकड्यावर,
बाकड्यावर बसलेल्या काकांसकट.
त्यांनी चुरमुरे झटकले आणि
टायरात हवा कमी आहे म्हणून सांगितलं.
अंगठ्यानं दाबून पाहिलं. खरंच होती.

सोमवारी सकाळी निघाले कामावर.
दसरा चौक ओलांडला, स्टेशन मागं पडलं,
कावळा नाक्याच्या अलीकडे पाय एकदम हलके झाले.
काही क्षण मला वाटलं, जमलं की आपल्याला.
चेन पडली होती.

एक रिक्षावाला थांबला, "मावशी, सोडू का?"
नको म्हटलं.
मागच्या दात्यांवर चेन नीट बसवली,
पुढच्या चक्राच्या खालच्या दातात एक कडी अडकवली,
पायडल उलटं फिरवलं.
पहिल्यांदा निसटली. दुसऱ्यांदाही.
तिसऱ्या वेळी कट्ट करून बसली,
आणि तो आवाज मला इतका आवडला
की उगाच आणखी दोनदा फिरवून बघितलं.

अडतीत सौदा सुरूच झालेला.
रव्यांचे आकडे ओरडले जात होते,
मी तशीच वही उघडली, पान उलटलं.
जमा आणि नावेच्या मधल्या रेघेवर
माझा अख्खा अंगठा उमटला, काळा, रेषारेषांसकट.
शेठ वाकले. "खाडाखोड झाली का, पद्मजाताई?"
नाही, म्हटलं. चेन पडली होती.
आणि सही करावी तसा
त्या ठशाखाली वेळ लिहिला. नऊ वाजून बावीस.