बारावा महिना

माझ्या दुकानाच्या पाटीवर लिहिलंय:
झेरॉक्स, लॅमिनेशन, भाडेकरार.
घणसोली गावठाण, पिठाच्या गिरणीला लागून,
म्हणून माझ्या करारांवर
ज्वारीच्या पिठाची पुटं असतात.

करार अकरा महिन्यांचा.
पंचांग अधूनमधून एक महिना जास्तीचा देतं,
आम्ही दरवर्षी एक कापून घेतो.
लोक विचारतात, बाराव्याचं काय?
तो कुणाच्या नावावर नसतो, मी सांगते.
त्यात भांडी बांधायची
नाहीतर पाचशे वाढवून पुन्हा सही.

सोमवारी हरेश्वर मढवी आले.
एक नोटीस मार, म्हणाले,
तिसरा मजला, खोली आठ, सात दिवसांत खाली.
ऐरोलीच्या कंपनीतली तीन पोरं
सात हजार द्यायला तयार आहेत.
मी नाव विचारलं.
चंद्रभागा लोखंडे.
मी म्हटलं, शेठ, शाई संपलीय, उद्या या.
शाई होती.

दुपारी शटर अर्धं ओढून जिना चढले.
चंद्रभागा तुर्भ्याच्या मार्केटात कांदे निवडायची.
आता गुडघा वाकत नाही, आणि कांदे तर जमिनीवरच असतात.
नातू शाळेत होता.
चार महिन्यांचं राहिलंय गं, ती आपणहून म्हणाली,
साडेचार हजाराप्रमाणे अठरा.
मी विचारलं, आधीच्या पावत्या?
पावती कोण देतं?
तिने दार लोटून मागची बाजू दाखवली.

कोळशाच्या रेघा.
भाडं दिलं की एक.
मी बोट लावून मोजल्या, सहासष्ट,
आणि शेवटी चार गोल,
न दिलेल्या महिन्यांचे, रिकामे.
स्वतःच्या विरुद्धचा पुरावा
तिने इतक्या नीट काढून ठेवला होता.

मी मोबाइलवर फोटो घेतला.
तिला म्हटलं, कशावरही अंगठा देऊ नकोस,
चावी कुणाच्या हातात देऊ नकोस,
माणसं आली तर आधी मला हाक मार,
गिरणीचा आवाज असला तरी मला ऐकू येतं.

शनिवारी भिशी फुटली, नऊ हजार.
नंबर निलोफरचा होता.
तिने चिठ्ठी दुमडून चंद्रभागाच्या पदरात टाकली.
माझं फ्रिज पुढच्या वर्षी थंड होईल, म्हणाली,
आणि लगेच पुढच्या वर्षीचा नंबर लिहून घेतला.

मढवींच्या पडवीत बोंबील वाळत होते.
मी पैसे ठेवले, दाराचा फोटो ठेवला.
त्यांनी फोटो मोठा केला, ओठ हलवत मोजला.
बराच वेळ माश्या हाकलत बसले.
मग म्हणाले, आमचे बापाला पन आसाच कागद आल्ता.
शेती खाली करा.
त्यालाव लिवता येत नव्हता.
त्याने काय मोजून ठेवलं होतं
ते ना त्यांनी सांगितलं, ना मी विचारलं.

उरलेले नऊ? ते एकदम व्यवहारावर आले.
महिन्याला पाचशे, मी म्हटलं.
म्हणजे अठरा हप्ते.
अठरा.
अकरा महिन्यांच्या करारात
अठरा हप्ते कसे बसवशील गं?
बसवते, मी म्हटलं.
ते हसले नाहीत.
भाडं मात्र दोनशेने वाढवलं,
आणि सही केली, बापाचं नाव मधे पूर्ण लिहून.

एक तारखेला चंद्रभागा दुकानात आली,
आयुष्यातली पहिली पावती घेऊन.
प्लास्टिक घाल हिला.
मशीनमधून निघालेली पावती
तिने पापडासारखी या हातातून त्या हातात घेतली.
गरम आहे गं.
मी वीस रुपये घेतले नाहीत, तिने गल्ल्यावर ठेवलेच.

घरी जाऊन रेघही मारणार, म्हणाली.
आता कशाला? कागद आहे की.
ती पायरी उतरत होती,
आधी चांगला पाय, मग दुसरा.
कागदाचं तू बघ, म्हणाली.
दार मढवीचं आहे.
कोळसा माझा.