एक जुलै

नातीनं इचारलं, आजी, जलमतारीख सांग,
त्याच्याबिगर खातं उघडत नाही.
म्या म्हटलं, लिही मंग एक जुलै.
माय तं सांगे, तुरी भरल्या होत्या शेंगात,
अन् सुईनीले आनाले गेलेला तुहा बाप
नाल्यात बंडीचं चाक फसून बसला.
पन बोंद्रे गुरुजीच्या दौतीत
तेवढीच एक तारीख होती.
आमच्या वर्गात अकरा जन जलमले त्या दिवशी.

फोटो लावाचा म्हून पदर सारखा केला.
इचारलं, हे कोन कोन पाहीन?
प्रांजली म्हने, सारे.
सारे म्हंजे?
सारे म्हंजे सारे, आजी.
रात्री झोप नाही लागली.
अंगनवाडीच्या भिंतीवर अजून नाव हाय माहं,
सौ. पं. वा. लोणकर, सेविका.
ते गेले त्यालेई नऊ वर्सं झाली,
'सौ.' कोनी पुसलं नाही.
पन भिंतीवरचं नाव गावातल्या गावात राहते.

तिसऱ्या दिवशी एक मानूस आला फोनात,
काळा चष्मा, मांगं गाडी, सुरतचा पत्ता.
बाई, ओळखलं का?
नाव नाही आठवलं. वजन आठवलं.
चवदा महिन्याचा, सहा किलो शंभर,
लाल रेघेच्या खाली,
झोळीत बसवला का काट्याले लटकून हासे.
लिहिलं, बाबू, आता किती भरतं?
त्यानं हासनारी तोंडं धाडली, लाइनीनं.
त्या दिवशी मी दोन खेपा चहा पेली.

अन् देवका. समोरचं घर, मधात चार पावलं.
विरजनाले वाटी घेऊन ये, तासभर बसे.
आता तिच्या इथून सकाळी गुलाबाचं फूल येते,
सुप्रभात लिहेलं.
दार उघडून पाहतो तं तिचं दार लोटेल.
दही म्हने पाकिटाचं आनते ते आता.
माहं तरी काय, मीबी तिले
कमळ धाडतो.

हा अंगठा मात्र मले पटत नाही.
साक्षरतेच्या वर्गात, कंदिलापाशी,
साठ बायांचा अंगठा सोडवला म्या.
निळ्या शाईचं बोट लुगड्यात लपवत
सही शिकल्या त्या.
आता शिकेल-सवरेल सारं जग
अंगठा उचलून बसलं हाय.
बेबीनंदा गेली, तं हार घातल्या फोटोखाली
चौऱ्याऐंशी अंगठे.
माहं बोट काचेवर गेलं अन् वापस आलं.
चपला घातल्या, तिच्या घरी गेली.
अंगनात तिचा पोरगा फोन पाहून राहिला होता.
म्हने, बाई, तुमचा नाही दिसला.

एक जुलैले सकाळपासून टिंग टिंग.
अकरातले पाच उरलो आम्ही,
पाचाईले एकाच दिवशी केक.
त्यात उद्धव धांदे.
धुऱ्यावरच्या बाभळीपायी
एकोनीस वर्सं तोंड नाही पाहिलं एकमेकाचं.
वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.
त्यानं धाडलं, का फोननं आपल्या मनानं?
नातीले इचारलं नाही.
'तुलेई' लिहिलं. फोननं 'तुलाही' केलं.
खोडलं, पुन्हा लिहिलं. पुन्हा केलं.
हा का बोंद्रे गुरुजी लागून गेला मले?
तिसऱ्या खेपेले 'तुलेई' राहिलं, तसंच गेलं.
त्यानं पाहिलं, एवढं दिसलं. बस.
बाभूळ हाय तिथंच हाय.

तुरी भरतेत तेव्हा, कोनत्या तरी एका दिवशी,
मी वावरात जाऊन बसतो,
हिरव्या शेंगा सोलत, एकटी.
फोन घरी, डाळीच्या डब्यावर.
कोनाले मालूम नाही. बरं वाटते.
संध्याकाळी घरी येतो,
अन् पाय धुवाच्या आंधी
पयले त्यालेच पाहतो.