तीन महिन्यांच्या आतला

खिडकीमागचे बिराजदार आता ओळखतात.
"परत आलाव व्हय? मागच्या खेपेचा दाखला कुठं घातलाव?"
आहे, म्हणलं, जपून ठेवलाय. पण जुना झाला.
"जन्म जुना होतोय व्हय बाई?
एकदा झाला की झाला की ओ."

त्यांना कसं सांगू,
कँपेरच्या कचेरीत जन्म दुधासारखा असतो.
तीन महिन्यांच्या वर गेला की नासतो.
तिथली बाई कागद हातात घेते
आणि नावाच्या आधी तारीख बघते.
पहिल्या वर्षी नाव नव्हतंच त्यावर,
नुसतं 'स्त्री' होतं. तिनं चष्मा काढून विचारलं,
"मादाम, ही स्त्री कोण?"

अम्माला विचारलं तर ती तारीख सांगत नाही.
म्हणते, त्या दिवशी हजार विड्या व्हायच्या होत्या,
सातशेवर कळा आल्या.
तीनशेची मजुरी कापली कारखानदारानं.
एवढं पक्कं तिला आठवतं.
हे भाषांतर करून, शिक्का मारून
कुठल्या खिडकीत द्यायचं?

रांग हलत नाही. पंखा आहे, वारा नाही.
पुढचा माणूस मुलीच्या नावातली वेलांटी
दीर्घ करून घ्यायला आलाय.
मला तर तिकडं 'भ' म्हणणारंच कुणी नाही.
भाग्यलक्ष्मीची मी बाग्या झाले, मग नुसती बा.
लोइक अजूनही उशीत तोंड घालून
'भ' चा सराव करतो, आणि खोकतो.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी सासूबाईंपुढं
एक गाल केला, मग दुसरा, पॅरिसात शिकल्यासारखा.
कँपेरला एकच असतो.
माझा दुसरा गाल हवेतच राहिला.
मग जेवण. साडेबाराला बसलो, चारला उठलो.
मधे ब्री आलं, त्रिकोणी.
मी आपलं समोरचं टोक कापून घेतलं.
टेबल गप्प.
त्या टोकाला ते नाक म्हणतात, नंतर कळलं.
चीजचं कापलं, गेलं माझं.

मारीवॉन नाव त्यांचं. सात वर्षं मी त्यांना
अहो-जाहोच करत होते, तिकडच्या 'वू' नं.
मग एका हिवाळ्यात शेंगाचटणीचा डबा उघडला.
त्यांनी पावावर खारं लोणी लावलं, वर चटणी दाबली,
खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं,
आणि आईच्या भाषेतलं काहीतरी बोलल्या,
जी बोलली म्हणून त्यांच्या आईला शाळेत
शिक्षा व्हायची.
लगेच लाजल्या. कुणी ऐकलं का बघितलं.
मी ऐकलं होतं. मी म्हणलं, आमच्याकडं
घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी,
एकीनंही दुसरीला उन्हात उभं केलं नाही.
हे पूर्ण खरं नाही. पण तेव्हा म्हणून टाकलं.
"तू म्हण मला," त्या म्हणाल्या. "आता तरी तू म्हण."
तोंडात 'तू' आला तो मराठीतला आला.
दोन्हीकडं तोच आहे, बरं झालं.

"बोद्धूल! बोद्धूल भाग्यलक्ष्मी!"
प्रिंटर घरघरला. कागद आला.
नाव आहे. आईचं आहे, वडलांचं आहे.
खाली आजची तारीख.
हात पुढं करता करता तोंडातून गेलं, मेर्सी.

बिराजदार थबकले.
"मरशी? अहो, जन्माची खिडकी आहे ही.
मरायची पलीकडं."
मागची सगळी रांग हसली. मीही.
मग ते म्हणाले, पावती घ्या, आणि सावकाश जा,
ऊन लई हाय.

इंद्रभवनाच्या पायरीवर बसले.
रिक्षावाला ओरडत होता, अशोक चौक, अशोक चौक.
कागद अजून गरम होता.
नव्वद दिवस.
आजचा धरला तर एकोणनव्वद.